मावशीबरोबर बसने मुंबई: भांडुप ते मढ

मावशीचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षभरात फार दुखायला लागलेत. भांडुप स्टेशनचा जिना, फलाटावरची रेटारेटी, गाडी थांबते तेवढ्यात आत घुसणं, यातलं तिला आता काहीच जमत नाही. रिक्षा शीवच्या पुढे शहरात येत नाहीत आणि रोज टॅक्सी करणं परवडणारं नाही. लोकलने जाणं सुटलं की मुंबईतल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात बसच उरते. पितृपंधरवड्यात रजा काढून मी नाशिकहून तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा जिथे जायचं तिथे बसनेच जायचं हे आम्ही आधीच ठरवून टाकलं. तिला डॉक्टरांना दाखवायचं होतं, लालबागहून मसाला आणायचा होता आणि बऱ्याच वर्षांत न पाहिलेला मढचा समुद्र पाहायचा होता. त्या आठवड्याची ही हकिकत. घरातल्या ज्येष्ठांना घेऊन बसने फिरणाऱ्यांना उपयोगी पडेल असं जे जे कळलं, ते मध्येमध्ये लिहिलं आहे.

सोमवार: शीव, परळ, लालबाग

सकाळी साडेनऊला लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. या रस्त्यावर मेट्रो ४ चं काम वर्षानुवर्षं चालू आहे. मधोमध खांब आणि पत्रे, दोन्ही बाजूंना उरलेल्या पट्ट्यात रिक्षा, टेम्पो, दुचाक्या आणि त्यातूनच बस. थांब्यावर आमच्याआधी सात-आठ माणसं होती आणि कुणी सांगितलं नसताना रांगेत उभी होती. मुंबईची ही सवय मला मनापासून आवडते. मागून आलेला मागेच उभा राहतो आणि मधल्या कुणाला बसायचं असलं तर त्याची जागा रांगेत धरली जाते. मावशी थांब्याच्या पत्र्याच्या बाकावर बसली आणि तिच्या जागी तिची पिशवी उभी राहिली. त्या पिशवीला कुणी ओलांडलं नाही.

ॲपमध्ये गाडी चार मिनिटांवर दिसत होती. ती बराच वेळ चार मिनिटांवरच राहिली. मग दिसली ती दारापर्यंत भरलेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘मावशींना घेऊन यात चढू नका, मागे दुसरी असणार.’ खरंच तिच्या मागोमाग दुसरी आली आणि तिच्यात बसायला जागा होती. रोजच्या प्रवाशाला हे ज्ञान असतं. खूप वेळाने आलेली गाडी भरलेली असली तर शक्य असेल तिथे मागचीची वाट पाहावी. असं का होतं ते शुक्रवारच्या भागात सांगते.

खरी अडचण पुढे आली. नव्या विजेच्या गाड्यांची पायरी खाली असते, गुडघेदुखीच्या माणसाला ती देणगीच आहे. पण गाडी पदपथाला लागून उभी राहिली तरच. आमच्या थांब्यापुढे तीन रिक्षा लागलेल्या होत्या, त्यामुळे गाडी रस्त्याच्या मध्यावर थांबली. मावशीला आधी पदपथावरून खाली उतरावं लागलं, मग रिक्षांच्या मधून वाट काढावी लागली आणि तिथून वर चढावं लागलं. पदपथावरून एक पाऊल टाकून आत जायचं, तिथे तीन वेळा गुडघा वाकवावा लागला. पैसे खर्चून खालच्या पायरीची गाडी आणायची आणि तिच्यासमोरची दहा मीटर जागा मोकळी ठेवायची नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ती जागा मोकळी ठेवायला मेट्रोएवढे पैसे लागत नाहीत. एक पांढरी रेघ आणि सकाळ-संध्याकाळ एक हवालदार पुरेल.

आत मात्र सगळं छान होतं. ज्येष्ठांच्या जागेवर बसलेला कॉलेजचा मुलगा मावशीला पाहताच उठला, शिवाय तिची पिशवी खाली ठेवून दिली. वाहक बाई होत्या. त्यांनी मावशी नीट टेकेपर्यंत घंटी दिली नाही. पाठीमागून कुणीतरी ‘चला, उशीर होतोय’ म्हणालं, तर त्या तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, ‘आजी बसल्या की निघू.’

शीवला उतरून ६६ नंबर घेतली. ही शहरातल्या जुन्याजाणत्या मार्गांपैकी एक, आंबेडकर मार्गाने माटुंगा, दादर टीटी, हिंदमाता, परळ करत खाली जाणारी. परळला डॉक्टरांचं काम लवकर आटोपलं. लालबागला गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कापड ट्रकमध्ये भरणं चालू होतं. दहा-बारा दिवसांपूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे मावशी रस्त्याच्या कडेने एकटी, काठी न टेकता चालली. लाडू सम्राटमध्ये कोथिंबीर वडी आणि पियुष घेतलं. मग मिरची गल्ली. ब्याडगी आणि संकेश्वरी निवडून घेण्यात मावशीने तासभर घालवला. एकेक मिरची देठाकडून वाकवून पाहायची, बी वाजतं का ते कानाशी हलवून ऐकायचं, मग ढिगात हात घालून तळाची मूठ वर काढून तिचा रंग वरच्या मिरच्यांशी ताडून पाहायचा. दुकानदार तिला पन्नास वर्षांचं गिऱ्हाईक असल्यासारखा मान देत होता आणि ती होतीही. मसाला समोर भाजून, कांडपातून काढून गरम गरमच पिशवीत भरून दिला.

परतीच्या बसमध्ये त्या पिशवीने कमाल केली. आधी आमच्या मागची बाई शिंकली, मग तिचा मुलगा, मग वाहक. वाहकांनी रुमाल नाकाला लावून विचारलं, ‘मालवणी ना?’ आणि मग अर्धी बस मसाल्यावर बोलायला लागली. धणे किती, दगडफूल घालायचं की नाही, त्रिफळ मसाल्यात घालायचं की फक्त बांगड्याच्या आमटीत. एक आजोबा उतरता उतरता भाव विचारून गेले. लोकलमध्ये माणसं रोज भेटतात म्हणून ओळखी होतात. बसमध्ये पुन्हा कधीही न दिसणारी माणसं एवढं मोकळं बोलतात.

मसाला बसने आणणार असाल तर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून वर कापडी पिशवी घाला. आणि भाड्याचं: मे २०२५ पासून साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये आणि वातानुकूलित बसचं १२ रुपये आहे. गाड्या बदलत बदलत जायचं असेल तर ७५ रुपयांचा दिवसाचा पास सोयीचा पडतो, प्रत्येक गाडीत सुटे शोधावे लागत नाहीत. काही गाड्यांमध्ये वाहक नसतो, तिकीट थांब्यावरच दिलं जातं. म्हणून चढण्याआधी एकदा विचारा.

मंगळवार: जिथून पहिली बस निघाली

मुंबईची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. म्हणजे २०२६ मध्ये तिला शंभर वर्षं. तोच रस्ता बसने करायचा असं मी नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं.

कुलाब्याच्या टोकाला आर. सी. चर्चपर्यंत जाऊन तिथून उलट निघालो. अफगाण चर्च १८५८ सालचं, पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं. त्याचा उंच मनोरा झाडांच्या वर दिसतो. आत गेलो तेव्हा एकही माणूस नव्हतं. रंगीत काचांतून येणारा उजेड फरशीवर पडला होता आणि बाहेर नौदलाच्या वस्तीतली शांतता. मुंबईत इतकी शांत जागा बसच्या थांब्याजवळ असेल असं वाटत नाही.

तिथून बस कुलाबा कॉजवेच्या गर्दीतून, म्युझियमवरून, हुतात्मा चौकातून, बोरीबंदरावरून क्रॉफर्ड मार्केटला येते. बस बाजूने हळूहळू चालत असल्यामुळे इमारतींचे सज्जे, त्यांवरचे कोरीव चेहरे सगळं डोळ्यांच्या पातळीवर येतं. मावशी खिडकीशी बसून एकेक ओळखत होती. इथे पूर्वी काय होतं, तिचं लग्नाचं कापड कुठून घेतलं, आजोबा पगाराच्या दिवशी कुठे चहा पाजायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारावर लॉकवुड किपलिंग यांनी केलेली शेतकऱ्यांची दगडी शिल्पं आहेत. १८६९ ची ही मंडई. बसमधून उतरल्यावर बहुतेक लोक मान वर न करता आत शिरतात. तुम्ही जरा थांबून पाहा.

दुपारी बोरीबंदरहून ११५ नंबरची विजेची दुमजली बस घेतली, एनसीपीएकडे जाणारी. जुन्या लाल डबलडेकर १९३७ पासून या शहरात होत्या, त्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला निरोप घेऊन गेली. नव्या दुमजली त्याच वर्षी फेब्रुवारीत आल्या. जिने चढणं मावशीला शक्य नव्हतं. ती म्हणाली, ‘तू जा वर. मी खाली वाहकाशी बोलते.’ मी वर पुढच्या काचेशी बसले. फांद्या काचेला घासत होत्या, पाऊस नुकताच थांबून गेला होता आणि नरिमन पॉइंटच्या वळणावर समुद्र एकदम पुढ्यात आला. खाली उतरले तेव्हा मावशी आणि वाहकांचं जुन्या डबलडेकरवर बोलणं रंगलेलं होतं. तेव्हा दोन वाहक असायचे, एक वर, एक खाली. वरच्याने घंटी दिल्याशिवाय खालचा गाडी सोडायचा नाही. मावशीला बस वरून पाहता आली नाही, पण तिला त्या गप्पा जास्त आवडल्या.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक गोष्ट. बसच्या पाटीवर जी नावं असतात ती रेल्वेच्या नावांशी जुळतीलच असं नाही. राणी लक्ष्मीबाई चौक लिहिलं असेल तर शीव समजा. आगरकर चौक म्हणजे अंधेरी पूर्व, अहिल्याबाई होळकर चौक म्हणजे चर्चगेट, महेश्वरी उद्यान म्हणजे किंग्ज सर्कल, वसंतराव नाईक चौक म्हणजे ताडदेव, संत गाडगे महाराज चौक म्हणजे सात रस्ता. पाचशेच्या घरातले नंबर नवी मुंबईकडे जातात. एवढं पाठ असलं तर निम्मी मुंबई सुटते.

बुधवार

आजोबांचं श्राद्ध होतं, ठाण्याला मामाकडे. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळा, अळू, खीर. मामाच्या इमारतीच्या गच्चीवर कावळा लगेच आला, त्यामुळे मावशीला बरं वाटलं. जाताना-येताना बस पटकन मिळाली.

गुरुवार: आणिक आगारातलं संग्रहालय

आजोबा ट्रामवर वाहक होते. ट्राम बंद झाल्यावर बसवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मावशीला आणिक आगारातलं बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या बस चालवणाऱ्या उपक्रमाचं, संग्रहालय दाखवायचं माझ्या मनात होतं. शीवला बस बदलून गेलो. प्रवेश फुकट आहे आणि आश्चर्य म्हणजे आमच्याशिवाय तिथे फक्त एक शाळकरी मुलगा वडिलांबरोबर आला होता.

या शहराचा दीडशे वर्षांचा प्रवास तिथे आहे. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला. ७ ऑगस्ट १९४७ ला हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. ट्राम आणि बसच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या आहेत, जुनी तिकिटं आहेत, तिकिटांची यंत्रं आहेत. मावशी बराच वेळ वाहकाच्या चिमट्यापुढे उभी होती. तिकिटाला भोक पाडणारा तो चिमटा. आजोबा घरी आले की खाकी डगला खुंटीला लावायचे आणि चिमटा कपाटावर ठेवायचे, मुलांनी त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद. एक दिवस मावशीने तो गुपचूप काढून शाळेच्या वहीच्या सगळ्या पानांना भोकं पाडली. आजोबा रागावले नाहीत, त्यांनी वही पाहून विचारलं, ‘एवढ्या माणसांना कुठे सोडलंस?’ हे सांगताना मावशी हसत होती आणि डोळे पुसत होती.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. मावशी तेव्हा सात वर्षांची. लालबागच्या चाळीतली सगळी माणसं गॅलरीत आणि रस्त्यावर उभी होती, तिला कुणीतरी कठड्यावर उचलून धरलं होतं. ट्राममध्ये माणसं लटकली होती, टपावरही बसली होती, असं तिला आठवतं. आजोबा त्या रात्री घरी उशिरा आले आणि न जेवता झोपले.

तिथल्या कर्मचाऱ्याने हे सगळं ऐकलं आणि मावशीला बसायला खुर्ची आणून दिली. मग तो स्वतःबद्दल बोलला. त्याचे वडीलही याच नोकरीत होते. अशी कितीतरी घरं परळ, लालबाग, वडाळ्यात आहेत, ज्यांचं दोन-तीन पिढ्यांचं पोट या खाकी कपड्यांवर चाललं. आता भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या. गाडीही कंत्राटदाराची आणि चालकही कंत्राटदाराचा. पगार, सुट्टी, प्रशिक्षण, सगळं पूर्वीपेक्षा वेगळं. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्याही आत आल्या आहेत. मुंबईची माणसं मात्र कमी झालेली नाहीत. बस उशिरा का येते या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे.

संग्रहालयाला जाण्याआधी वेळ, सुट्टीचे वार आणि जिन्याची सोय यांची चौकशी करून घ्या. मुलांना नक्की न्या.

शुक्रवार: बीकेसीची संध्याकाळ

मावशीला विश्रांती हवी होती. मी एकटी वांद्रे-कुर्ला संकुलात मैत्रिणीला भेटायला गेले आणि तिच्याबरोबर तिच्या रोजच्या वाटेने परत आले. ती तिथे एका कार्यालयात काम करते, राहते घाटकोपरला.

साडेसहाला थांब्यावर पोचलो तेव्हा रांग वळून पुढच्या इमारतीच्या फाटकापर्यंत गेली होती. काचेच्या इमारतींमधून माणसं येतच होती. वरून पाऊस सुरू झाला. थांब्याच्या छपराखाली वीस माणसं मावतात, रांग शंभराच्या वर. छत्र्या उघडल्या, एकाची छत्री दुसऱ्याच्या खांद्यावर गळत होती, तरी रांग मोडली नाही. पाऊण तास कुर्ल्याची एकही गाडी आली नाही. शेअर रिक्षावाल्यांनी पावसाबरोबर भाडं वाढवलं. ज्यांना परवडलं ते गेले. जे उरले त्यांच्यात सफाईचं काम करणाऱ्या बाया होत्या, सुरक्षारक्षक होते, कॅन्टीनची पोरं होती. मैत्रीण म्हणाली, ‘रोजचा एक तास इथे जातो. घरी मुलगी डबा उघडून बसलेली असते.’ मला तिचा तो तास फार बोचला. तिकीट दोन रुपयांनी महाग झालं तर माणूस सोसतो, पण रोजचा तास त्याला परत कोण देणार?

मग तीन गाड्या एकापाठोपाठ आल्या. याचं कारण साधं आहे. पहिली गाडी कुठेतरी अडकली की पुढच्या थांब्यांवर माणसं साठत जातात. ती चढवण्यात तिचा आणखी वेळ जातो. तिच्या मागच्या गाडीला थांब्यावर माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती भरभर पुढे येऊन पहिलीला गाठते. चालकांचा यात दोष नसतो. ज्या रस्त्यावर बसला स्वतःची मोकळी पट्टी नाही, तिथे हे होणारच. बीकेसीसारख्या रुंद रस्त्यांच्या भागात बससाठी संध्याकाळपुरती एक पट्टी राखली तर हजारो माणसं तासभर आधी घरी पोचतील, असं मला मनापासून वाटतं. एका मोटारीत एक माणूस आणि एका बसमध्ये साठ, तरी दोघांना रस्त्यावर सारखाच मान. हे न्यायाचं नाही.

दुसऱ्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली. आत सगळे ओले, काचांवर वाफ. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका आंधळ्या गृहस्थांना कुठे उतरायचंय हे चढतानाच सगळ्यांना कळलं होतं, आणि त्यानंतर त्यांना एकदाही विचारावं लागलं नाही. दर थांब्याला कुणी ना कुणी ‘काका, अजून दोन’, ‘काका, पुढचा’ असं सांगत होतं. त्यांचा थांबा आला तेव्हा दोघं जण आधी खाली उतरले, त्यांना हात देऊन पदपथावर नेलं आणि पुन्हा चढले. चालक थांबून राहिला.

कुर्ला स्टेशनजवळ गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. रस्ता अरुंद, दोन्हीकडे फेरीवाले, माणसं रस्त्यावरूनच चालणार कारण पदपथ मोकळा नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री इथल्याच एस. जी. बर्वे मार्गावर एक बस गर्दीत घुसून माणसं मेली, कितीतरी जखमी झाली. तिथून जाताना मैत्रीण बोलायची थांबली. तिच्या ओळखीचा एक मुलगा त्या रात्री तिथे भाजी घेत होता, थोडक्यात वाचला. बारा मीटरची जड विजेची गाडी हाती देण्याआधी चालकाला ती पुरेशी चालवायला मिळाली पाहिजे. यात काटकसर करू नये.

शक्य असेल तर बीकेसीहून साडेपाचच्या आत किंवा आठनंतर निघा. ज्येष्ठांना घेऊन मधल्या वेळात तिथे जाऊच नका.

शनिवार: मढ

हा दिवस सगळ्यांत सुंदर गेला. भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पश्चिमेला गेलो आणि मालाड स्टेशनबाहेरून २७१ घेतली, मढ जेट्टीपर्यंत जाणारी. दुपारचे अकरा वाजत आले होते. सकाळी मासे घेऊन बाजारात गेलेल्या कोळणी याच वेळी परत निघतात. रिकाम्या पाट्या एकात एक घालून त्यांनी मागच्या बाजूला नीट रचल्या आणि ऐसपैस बसल्या. अबोलीचे गजरे, हातभर हिरव्या बांगड्या आणि बसभर माशांचा वास. कुणी नाक मुरडलं नाही, हा त्यांचाच मार्ग आहे. मावशीच्या शेजारी बसलेल्या कोळणीने सांगितलं की पितरं चालू आहेत, निम्मं गिऱ्हाईक येत नाही, पापलेटसुद्धा पडून राहतं. सर्वपित्री झाली की लगेच नवरात्र. तिने मावशीला मढमध्ये कुठल्या घरी चांगली सुकट मिळते ते सांगून टाकलं.

मालाडच्या मालवणी वस्तीची दाटी संपली की खारफुटी सुरू होते आणि मुंबई एकदम संपते. भरतीचं पाणी चिखलात शिरलेलं, मधे बगळे. नौदलाचा तळ मागे टाकून बस अक्सा, एरंगळच्या बाजूने जाते. रस्ता इतका अरुंद की समोरून दुसरी बस आली तर दोघींपैकी एकीला मागे जावं लागतं. तसं झालंच. आमच्या चालकाने आरशात पाहत, इंचाइंचाने गाडी मागे घेत एका घराच्या कुंपणाशी नेली. दोन्ही गाड्या एकमेकींच्या एवढ्या जवळून गेल्या की समोरच्या खिडकीतल्या बाईने आमच्या बसमधल्या कोळणीच्या हातात खिडकीतूनच एक किल्ली दिली. दोघी शेजारणी होत्या. पुढे एका वळणावर थांबा नसताना चालकाने गाडी थांबवली. एक म्हातारी पाटी घेऊन पळत येत होती. ‘आली की, दम घे,’ म्हणून बाकीच्यांनी तिला वर ओढून घेतलं.

मढला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. बोंबील सुकवायच्या वलांड्या अजून रिकाम्या होत्या, नवे बांबू बांधणं चालू होतं. टपरीवर गरम भजी आणि चहा. मावशी समुद्राकडे तोंड करून बसली आणि तासभर जागची हलली नाही.

मढहून वर्सोव्याला खाडी ओलांडून बोट जाते. पाण्यातून काही मिनिटांचं अंतर, रस्त्याने वीसेक किलोमीटरचा वळसा. समुद्र खवळला की बोट बंद ठेवतात, म्हणून पावसाळ्यात आधी चौकशी करा. मावशीला बोटीत चढता येईल याची मला खात्री नव्हती. पण या बोटीत दुचाक्याही नेतात, त्यामुळे चढायला फळी टाकलेली असते, जिना नसतो. एका तरुण कोळ्याने तिचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटा चालत तिला फळीवरून आत नेलं. रेल्वेच्या पुलाला घाबरणारी माझी मावशी मोटारसायकलींच्या मधे बाकावर बसून खाडी ओलांडून गेली. मला तिचा फोटो काढायचंही सुचलं नाही.

वर्सोव्याहून बसने अंधेरी, आगरकर चौकातून मुलुंडकडे जाणारी दुसरी. ती तासाभराने मिळाली आणि मरोळच्या सिग्नलला तिचं वातानुकूलन बंद पडलं. अशा गाडीच्या बहुतेक काचा उघडत नाहीत. उकाड्याने जीव कासावीस झाला. एका बाईने पर्समधून हातपंखा काढला, तो सबंध गाडीभर हातोहात फिरला. वातानुकूलित बसने लांब जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि एक साधा पंखा जवळ असू द्या, ज्येष्ठांबरोबर तर नक्कीच.

रविवार

रविवारी रस्ते मोकळे, पण गाड्याही कमी. भांडुपहून ठाण्याला मावशी मला सोडायला आली, बसनेच. आठवड्याच्या सुरुवातीला ती चढताना माझा खांदा धरायची, आता दाराचा दांडा धरून चढली. पुढच्या दाराजवळची जागा, उतरण्याच्या एक थांबा आधीच उठून उभं न राहणं, गाडी पूर्ण थांबल्यावर उतरणं, हे तीन नियम तिने स्वतःच ठरवले आहेत. चालकाला ‘गुडघे दुखतात, जरा थांबा’ असं मोठ्याने सांगायला ती आता लाजत नाही, आणि त्या आठवड्यात एकाही चालकाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाही.

डिसेंबरात पुन्हा जाणार आहे. या खेपेला राणीची बाग ठरली आहे. शीवहून भायखळ्याला जाणारी बस घ्यायची, उतरल्यावर फारसं चालावं लागत नाही. बुधवारी बाग बंद असते, म्हणून गुरुवार धरला आहे, आणि मैत्रिणीची मुलगीही बरोबर येणार आहे.